कमलबाईंनी शिकवलेलं मरण

वैजनाथ सर दारात आले तेव्हा कमलबाई ओसरीवर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. सर कळमनुरीच्या एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवत आणि उरलेला सगळा वेळ नाटकात घालवत. त्यांनी चप्पल काढली, खाली बसले आणि एका दमात म्हणाले, "मावशी, आमच्या नाटकात एक पोरगी आहे, तिला गाणं शिकवा. नांदेडच्या स्पर्धेसाठी संगीतिका बसवून राहिलो."

"संगीतिका म्हंजे?"

"ज्यात बोलणं नसतं, सगळं गाणंच असतं."

"सगळं? पानी मागायचं असलं तरी गाऊन?"

"गाऊनच."

"आन् मानूस मेलं तर?"

"मरताना तर सगळ्यात लांब गाणं आहे, मावशी."

कमलबाईंनी सूप खाली ठेवलं आणि हसायला सुरुवात केली. हसू थांबतंय असं वाटायचं, की त्यांना कुणीतरी गात गात मरताना दिसायचं आणि पुन्हा उसळी यायची. आतून त्यांचे यजमान भीमराज चष्मा सारखा करत बाहेर आले, काय झालं म्हणून. सर मात्र त्या हसण्याकडे कान देऊन बसले होते. एवढ्याशा बाईचं हसणं गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जात होतं आणि कुठेही चिरकत नव्हतं.

कमलबाई पासष्टीच्या पुढच्या. अंगणवाडीतली नोकरी मागच्या वर्षी संपलेली. पण सेनगाव-गोरेगावकडच्या खेड्यांत अजूनही जुनी माणसं त्यांना ओळखत, ती 'ग्यानोबाच्या पार्टीतली पोरगी' म्हणून. ग्यानोबा त्यांचा थोरला भाऊ. त्याची भीमगीतांची गायन पार्टी होती. चौदाव्या वर्षी कमल त्या पार्टीत उभी राहिली, तीही लाकडी खोक्यावर, कारण खोक्याशिवाय ती मागच्या लोकांना दिसायची नाही. माईक बहुतेक वेळा भावाच्या हातात असे. हिला तो लागतही नसे. पार्टीत पेटी वाजवायला भीमराज होते. पुढे दोघांचं लग्न ठरलं, तेव्हा मोठी पंचाईत झाली. लग्नात गायला पार्टी सांगायची तर गाणारी तीच नवरी आणि पेटीवाला तोच नवरदेव. शेवटी दोघांनी मुंडावळ्या बांधूनच कार्यक्रम केला. लोक सांगतात, वऱ्हाडी जेवायचं विसरले.

पण शिकवणं वेगळं. कमलबाईंनी आजवर कुणाला शिकवलं नव्हतं.

"मला न्हाई येत सर शिकवायला," त्या म्हणाल्या. "गाता येतं, बस."

"एकदा पोरगी तर बघा."

दुसऱ्या दिवशी पोरगी आली. मोटारसायकलवर, बापाच्या मागे बसून. बापाचं नाव उकंडराव, पाच मैलांवरच्या खेड्यातला शेतकरी, गावच्या भजनी मंडळातला दांडगा आवाज. पोरगी शिवकन्या, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. उंच, सडपातळ, आणि चेहऱ्यावर सतत असं काहीतरी, जणू आत्ताच कुणीतरी कानात गंमत सांगितली आहे.

उकंडराव पाणी प्याले आणि म्हणाले, "बाई, मला एक सांगा. ह्या नाटकात माझ्या पोरीला साप चावतो."

"व्हय, सर म्हनले."

"आन् साप चावल्यावर ती गात बसती. मी सरांना म्हनलं, इतक्या टायमात मानूस सरकारी दवाखान्यात पोचून, सुई घेऊन, चहा पिऊन वापस येतं."

शिवकन्या फिसकन हसली. कमलबाईही हसल्या. मग दोघींची नजरानजर झाली आणि काही कारण नसताना दोघी पोट धरून हसू लागल्या. उकंडरावांनी मोटारसायकलची किल्ली उचलली. "जमंल तुमचं," असं म्हणून ते निघून गेले.

गोष्ट तशी साधी होती. रेवा नावाची मुलगी कापसाच्या शेतात तिच्या प्रियकराची वाट बघते. तो बाजाराला गेलेला असतो, त्याला उशीर होतो. इकडे तिला साप चावतो, आणि तो येईपर्यंत ती गाते. शेवटची ओळ होती, 'आलास का रे, आलास का रे, उजळून गेली वाट.' त्यातला 'वाट' हा शब्द वर चढत जायचा, इतका वर, की सरांनी तो सूर लिहिला तेव्हा भीमराज म्हणाले होते, "सर, ही जागा तुमी शिडी लावून लिवली का?"

खालच्या सुरात शिवकन्याचा आवाज सुरेख होता, रुंद आणि ऊबदार. पण वर जायची वेळ आली, की ती मान ताणायची, खांदे कानाला लावायची, गळा आवळायची, आणि बाहेर पडायचा तो आवाज चुकून मांजरावर पाय पडला तर येतो तसा. मग तिला स्वतःचंच हसू यायचं. हसू आलं की गाणं संपलं.

कमलबाईंना जे ठाऊक होतं ते त्यांनी सांगितलं. "मोठ्यानं गा. अजून मोठ्यानं. लाजू नको." आठवडाभर शिवकन्या मोठ्यानं गायली. आठव्या दिवशी तिचा आवाज बसला. 'मावशी' म्हणायला तोंड उघडलं तर नुसता वारा आला.

कमलबाईंनी पोरीला हळदीचं दूध दिलं, घरी पाठवलं आणि भीमराजांसमोर जाऊन बसल्या. "अवो, मी कशी गाते वो?"

"चांगली गातीस."

"तसं न्हाई. गाताना मी काय करते? इतकी वर्षं बाजूला बसले तुमी."

भीमराजांनी विचार केला. "मी तर पेटीकडं बघत व्हतो."

"लग्नात बी?"

"लग्नात बी."

कमलबाई उठल्या, गच्चीवर गेल्या, सतरंजीवर उताण्या पडल्या. एक हात पोटावर ठेवला आणि गायल्या. एक गाणं, मग दुसरं. गळा नुसता उघडा होता, तो काही करतच नव्हता. सगळं काम खाली चाललं होतं, बेंबीच्या आसपास. तिथे काहीतरी फुगत होतं, धरून ठेवत होतं, हळूहळू सोडत होतं. पन्नास वर्षं ते तिथे चाललं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांना इतका आनंद झाला, की त्या पडल्यापडल्याच ओरडल्या, "अवो, सापडलं! पोटात हाय!"

भीमराजांना वाटलं, पोटात दुखतंय. ते ओवा घेऊन वर धावले.

वैजनाथ सरांनी आणखी एक गोष्ट केली. परदेशातल्या संगीतिकांचे व्हिडिओ त्यांनी कमलबाईंना मोबाइलवर दाखवले. एक भरघोस बाई रंगमंचावर उभी होती, भाषा कळत नव्हती, माईक नव्हता, मागे एवढी मोठी वाद्यांची फौज, आणि बाईचा आवाज सगळ्यांच्या वरून तरंगत होता. कमलबाईंनी मोबाइल हातातून सोडला नाही. "सर, तोंड बघा तिचं. आतून जांभई देऊन राहिली ती! बाहेरून गाते, आतून जांभई."

"त्याला टाळू उचलणं म्हणतात, मावशी," सर खूश होऊन म्हणाले. "मी पुस्तकात वाचलं होतं, पण पोरीला कसं सांगायचं ते कळत नव्हतं."

"आता कळलं."

शिवकन्याचा आवाज आठ दिवसांनी परत आला. त्या सकाळी धडा गच्चीवर झाला, आणि तो धडा जांभईचा होता. दोघी समोरासमोर बसून जांभया देऊ लागल्या. जांभई अर्ध्यात थांबवायची आणि त्या उघड्या गळ्यातून 'आ' सोडायचा. पाच मिनिटांत पेटीशी बसलेले भीमराज जांभया देऊ लागले. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या सपनालाही लागली. तिला बघून खाली रिक्षा पुसणाऱ्या तिच्या नवऱ्याला, आणि त्याच्याकडून अर्ध्या गल्लीला. भर सकाळी सगळी गल्ली जांभया देतेय आणि वरून दोघी बाया 'आ' करतायत, हे बघून दूधवाल्या बाबूसिंगने सायकल थांबवली. "क्या हुआ मौसी? रातभर सोये नहीं क्या सब?" असं विचारता विचारता त्यानेही तोंड उघडलं.

शिवकन्या हसून हसून आडवी झाली. कमलबाई रागावणार, तोच त्यांचं लक्ष तिच्या पोटाकडे गेलं. ते आतबाहेर उसळत होतं, अगदी लयीत.

"थांब! तशीच हस! पोटावर हात ठेव. काय होऊन राहिलं?"

"उड्या... मारून राहिलं," शिवकन्या हसत म्हणाली.

"आन् गळा? दुखतो का?"

"न्हाई."

"हसताना कधी गळा बसला का तुझा?"

शिवकन्या उठून बसली. "न्हाई, मावशी. लहानपणापासून हसून राहिले मी, कधीच न्हाई बसला."

मग भीमराजांनी पेटीवर खालचा सूर धरला आणि दोघी त्या सुरात हसल्या. हा हा हा हा हा. मग पुढचा सूर. मग त्याच्या पुढचा. पायरी पायरीने हसत हसत दोघी वर चढत गेल्या आणि एका ठिकाणी भीमराजांनी पेटी थांबवून बोट दाखवलं. ती सरांची शिडीवाली जागा होती. शिवकन्या तिथे उभी होती, नव्हे, हसत होती. तिला कळलंही नव्हतं.

"'हा हा' सोड आता," कमलबाई म्हणाल्या. "नुसता सूर ठेव."

हसू गळून पडलं आणि सूर राहिला. गोल, भरलेला, शेजारच्या पत्र्यावरून निघून थेट कयाधू नदीकडे गेल्यासारखा. शिवकन्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग कमलबाईंना उचललं आणि गच्चीभर फिरवलं.

त्यानंतरचे दिवस वेडेपणाचे होते. दोघींना बोलणं म्हणून उरलं नाही. 'मीठ द्या हो' हे कमलबाई चार सुरांत म्हणत, आणि भीमराज ताटावरून गंभीरपणे 'देतो देतो' असा अंतरा लावत. उकंडराव पोरीला घ्यायला येत, तेव्हा त्यांना दारातच गाऊन विचारलं जाई, की चहा साखरेचा घेणार की गुळाचा. पहिल्या दिवशी ते लाजले. चौथ्या दिवशी त्यांनी भजनाच्या चालीत उत्तर दिलं.

पण मरण काही जमत नव्हतं. सूर लागत होते, श्वास पुरत होता, आणि शिवकन्या रेवाचं शेवटचं गाणं म्हणायला बसली, की चेहरा असा पाडायची, जणू पेपर अवघड गेलाय. डोळे बारीक, ओठ खाली. ते ढोंग तिचं तिलाच दिसायचं आणि फस्सकन हसू फुटायचं.

"मावशी, मला न्हाई रडू येत. मरताना मानूस गातं तरी का?"

"खरं मानूस न्हाई गात," कमलबाई म्हणाल्या. "त्याच्या मनात किती काय असतं, पन मुकाट जातं. म्हनून तर नाटकातल्या मानसाला गावं लागतं."

मग सरांनी लिहिलेल्या ओळी त्यांनी पुन्हा मोठ्याने वाचल्या. 'आलास का रे, आलास का रे, उजळून गेली वाट.'

"हिच्यात रडनं कुठंय?" त्या एकदम म्हणाल्या. "तू रडून राहिली म्हनूनच चुकून राहिलं. रडनाऱ्या बाईचा गळा बंद होतो, ती काय गानार? अगं, हिला तो दिसला! बांधावरून येताना दिसला. हिला मरन बिरन काय ठावंच न्हाई. ही खुश हाय!"

"खुश?"

"तू कधी कोनाची वाट बघितली का? नाटकातली न्हाई. खरी."

शिवकन्याने विचार केला. "बाबांची. लहान होते तेव्हा. बाजाराच्या दिवशी मी बांधावर जाऊन बसायची. लांबून त्यांची टोपी दिसायची आधी. मग पिशवी. पिशवीत काय असंल त्याचंच..." ती थांबली. "पोटात गुदगुल्या व्हायच्या."

"मग तसं मर," कमलबाई म्हणाल्या.

शिवकन्या उभी राहिली. नजर शेजारच्या गच्चीपलीकडे, लांब. आधी टोपी दिसली असावी, कारण तिचे डोळे मोठे झाले. मग तिने गायला सुरुवात केली. 'आलास का रे' म्हणताना आवाजात बाजारातून येणाऱ्या माणसाच्या पिशवीतली जिलेबी होती. वरचा सूर तिने चढून नव्हे, टाचा उंचावून बघितल्यासारखा घेतला. आणि मग ती हळूच खाली बसली, त्याच आनंदात, आणि आवाज थांबला.

भीमराजांची बोटं पेटीवर तशीच राहिली होती. या वेळी ते पेटीकडे बघत नव्हते. दोन सपना शेजारच्या गच्चीवर डोळे पुसत होत्या, असं कमलबाईंना वाटलं. नीट बघितलं तर एकच होती. डोळ्यांत पाणी आल्यामुळे दोन दिसल्या.

स्पर्धेला कळमनुरीहून दोन टेम्पो भरून लोक नांदेडला गेले. कमलबाई आयुष्यभर उघड्या मैदानात गायलेल्या. विंगेत उभं राहण्याची त्यांची ही पहिली वेळ. तिथला पडदा, दोऱ्या, दिवे सगळ्याला त्या हात लावून बघत होत्या, आणि सर त्यांना सारखे मागे ओढत होते.

शिवकन्या येऊन त्यांना चिकटली. "मावशी, मला सगळं विसरल्यासारखं होऊन राहिलं."

कमलबाईंनी एक मोठी जांभई दिली. शिवकन्यालाही आली. बाजूला उभ्या असलेल्या मुन्नाला आली. मुन्ना नायकाचं काम करत होता आणि घाबरून सारखं पाणी पीत होता. तिघे जांभया देत असतानाच पडदा उघडला.

नाटक चाललं ते पाण्यासारखं. रेवा गायली, हसली, चिडली, आणि माईक नावापुरता राहिला. साप चावला तेव्हा तिसऱ्या रांगेतून उकंडरावांचा "आगं माय!" असा आवाज आला. मग शेवटचं गाणं. भरलेलं सभागृह इतकं शांत झालं, की भीमराजांच्या पेटीचा भाता ऐकू येत होता. 'उजळून गेली वाट.' सूर वर गेला, तिथे राहिला, छताला हात लावून आला. रेवा मुन्नाच्या मांडीवर कलंडली.

मागून एका म्हाताऱ्या माणसाचा खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

आणि सभागृह फुटलं. टाळ्या, शिट्ट्या, "वन्स मोअर! वन्स मोअर!" विंगेत वैजनाथ सरांनी डोकं धरलं. "वेळ संपत आली, मावशी! घंटा झाली तर गुण कापतात!"

मेलेल्या रेवाने एक डोळा किलकिला केला आणि विंगेकडे बघितलं.

कमलबाईंना गुणांचं काही सुचलंच नाही. समोर माणसं गाणं मागत होती आणि गाणारी पोरगी आडवी पडली होती, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. त्यांनी दोन्ही हात वर केले, ऊठ! भीमराजांनी तर सूर धरलाच होता. रेवा उठली. पदर झटकला. मुन्नाला हाताने बाजूला सारून पुन्हा बांधावर जाऊन उभी राहिली, आणि पुन्हा मेली, पहिल्यापेक्षा सुंदर.

"वन्स मोअर!"

तिसऱ्या वेळी मात्र व्हायचं ते झालं. मुन्ना आता रडावं की उठवावं अशा गोंधळात होता आणि त्याचा तो चेहरा शिवकन्याला दिसला. विंगेतून कमलबाईंना तिचं पोट उसळताना दिसलं. हसू निघालं होतं. 'आलास का रे' म्हणता म्हणता ते वर आलं, गळ्यापर्यंत आलं, आणि गळा उघडाच असल्यामुळे अडलं नाही. ते सुरात मिसळलं. मरणारी रेवा हसत होती, खरीखुरी, पोटातून, आणि ते हसू पायरी पायरीने वर जात त्या उंच सुरात विरघळलं. समोरची माणसं हसता हसता रडू लागली की रडता रडता हसू लागली, ते त्यांचं त्यांना कळलं नाही. पहिल्या रांगेतल्या परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.

घंटा वाजली. ती कुणी ऐकली नाही.

नाटकाचा पहिला नंबर वेळेच्या नियमात गेला. गायनाचं पहिलं बक्षीस शिवकन्याला मिळालं. सर निकाल ऐकून खिन्न होतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण सर सभागृहाच्या पायऱ्यांवर भेटेल त्याला मिठी मारत होते. "तीनदा! माझी रेवा तीनदा मेली! कुणाच्या नाटकात मेली असंल सांगा!" परीक्षक बाईंनी कमलबाईंना शोधून काढलं आणि विचारलं, "आपलं शिक्षण कुठे झालं?"

"ग्यानोबाच्या पार्टीत," कमलबाई म्हणाल्या, आणि बाईंनी मान डोलावली, जणू ते एखादं मोठं घराणं असावं.

त्याच बाईंच्या सांगण्यावरून शिवकन्या पुढच्या जूनमध्ये संभाजीनगरला संगीत शिकायला गेली. तिथे ती आवाज-साधनेचे मोठमोठे शब्द शिकते आणि फोन करून कमलबाईंना सांगते. कमलबाई ते शब्द भीमराजांना म्हणून दाखवतात आणि दोघं त्यांना चाल लावतात. उकंडराव दर बाजारच्या दिवशी गच्चीवर येतात, कारण भजनात त्यांचा गळा बसायचा तो इथे जांभया शिकल्यापासून बसत नाही.

आणि आता सपना शिकते. परवा ती खालच्या सुरावर अडली होती, आवाज नाकात जात होता. कमलबाईंनी सगळं करून बघितलं. काही उपयोग होईना. शेवटी त्यांनी तिला घेतलं, दोघी गल्लीच्या तोंडाशी गेल्या, रिक्षात बसल्या आणि सपनाच्या नवऱ्याला म्हणाल्या, "चल, नदीवर. तिथं मोकळं गाता येतं."

रिक्षा सुटली. बाजारपेठेतून जाताना दोघी आतून गात होत्या, आणि नवरा हॉर्न वाजवायचं सोडून तोंडाने मोठ्याने ताल धरत होता.